मक्याचं खत देण्याआधी दोन प्रश्न विचारा : राज्यातल्या कृषी सेवा केंद्रचालकांना खुलं पत्र

दुकानदार बंधू-भगिनींनो, नमस्कार.

जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा लागला की तुमच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न येतो. "मका पिवळी पडलीय, काय टाकू?" शेतकऱ्याच्या हातात मोबाइल असतो, त्यावर बांधावरून काढलेला एक फोटो असतो. मागे गर्दी असते आणि बाहेर आभाळ भरून आलेलं असतं. उत्तरही बहुतेक वेळा एकच जातं : युरियाची गोणी, सोबत १९:१९:१९ ची पुडी (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी १९ टक्के असलेलं विरघळणारं खत) आणि एखादं टॉनिक.

हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे. आम्ही मृदा आणि पीकपोषण या विषयात काम करणारी माणसं. विद्यापीठाची शिफारस छापील असते, पण येवला, वैजापूर, सिल्लोड, कन्नड, मालेगाव या पट्ट्यात मक्याच्या रानात खरोखर काय पडतं ते तुमच्या दुकानात ठरतं. म्हणून हे पत्र तुम्हाला. विनंती एवढीच की गोणी उचलायला सांगण्याआधी दोन प्रश्न विचारा. जमीन कशी आहे? आणि मका आज किती दिवसांचा आहे? या दोन उत्तरांवर खताचा प्रकार, वजन, जागा आणि वेळ सगळंच बदलतं.

आधी पिवळेपणाचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. मका पिवळा पडला म्हणजे कोणतं पान पिवळं पडलं, खालचं की वरचं? नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी जातात. टोकाकडून सुरुवात होते आणि मधल्या शिरेला धरून पिवळेपणा पाचरीसारखा आत सरकतो, कडा मात्र बराच काळ हिरव्या राहतात. पालाश कमी पडला तर त्याच खालच्या पानांच्या कडा टोकापासून पिवळ्या होतात, मग करपतात, आणि शिरेजवळचा भाग हिरवा राहतो. म्हणजे पान तेच, पण चित्र बरोबर उलटं. जस्ताची (झिंकची) खूण वरच्या पानांवर दिसते. पोग्यातून (शेंड्याला गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून) बाहेर येणाऱ्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात, शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट रुंद पट्टे येतात. शीर, कडा आणि टोक हिरवंच असतं. जास्त कमतरता असेल तर अख्खा पोगाच पांढुरका दिसतो. लोहाची कमतरता सगळ्यात कोवळ्या पानावर येते, शिरा हिरव्या आणि त्यांच्या मधल्या रेघा फिक्या, त्याही बुडापासून टोकापर्यंत पानभर. गंधक कमी असेल तर नवी पानं सरसकट फिकट होतात. स्फुरदाचं तर पिवळ्याशी नातंच नाही, कोवळी रोपं जांभळट पडतात. रब्बीत डिसेंबरच्या थंडीत हा जांभळेपणा चांगल्या जमिनीतही येतो, कारण थंड मातीत मूळ हळू चालतं. ऊब वाढली की तो आपोआप जातो. अशा वेळी वरून डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं दाणेदार खत) फेकायला देऊ नका. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही, वर पडलेला वरच राहतो.

बांधावरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. त्या शेतकऱ्याला सांगा, एक सगळ्यात खालचं पान आणि एक पोग्यालगतचं पान तोडून दोन्ही तळहातावर शेजारी ठेव आणि जवळून फोटो काढ. किंवा ती दोन पानंच घेऊन ये. तुमच्या काउंटरवर ती दोन पानं पडली की अर्ध्या मिनिटात कळतं, युरियाचं काम आहे की नाही.

आता जमीन. "काळी आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टवर एकाच गटात माथ्याला हातभर मुरमाड, मधे मध्यम काळी आणि नाल्याच्या अंगाला दोन-तीन फूट खोल भारी काळी असते. या तिन्हींत मका वेगळा वागतो.

भारी काळीत पावसाळ्यातलं पहिलं दुखणं खताचं नसतं, पाण्याचं असतं. मक्याला साधारण सहा पानं येईपर्यंत त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या पातळीखाली असतो. त्या काळात रानात दोन दिवस पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, मुळं कामच करत नाहीत. नत्र मातीत असूनही झाड ते उचलू शकत नाही आणि पिवळं पडतं. शिवाय हवा संपलेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटमधलं नत्र वायू करून उडवून देतात. तुम्ही दिलेला युरिया त्या चिखलात पडला तर त्याचीही थोड्याच दिवसांत तीच गत होते. म्हणून पहिला सल्ला असा द्या : उताराच्या दिशेनं चर काढ, पाणी बाहेर काढ, वाफसा (पाणी निथळून माती नुसती ओलसर राहते ती स्थिती) येऊ दे. वाफसा आला की कोळपं फिरवून वरची पापडी फोड, आणि मग एकरी २० ते २५ किलो युरिया ओळीच्या कडेनं दे. वाफसा यायच्या आत दिलेल्या गोणीचा उपयोग नाही, हे तुम्ही एकदा ठाम सांगितलंत तर शेतकरी ऐकतो. मुळात भारी रानात मका सपाट पेरायचाच नसतो. सरी-वरंब्यावर किंवा रुंद वरंबा-सरीवर लावलेल्या मक्यात हा प्रश्न निम्म्यावर येतो. बियाणं नेताना ही गोष्ट सांगितली तर जुलैची गर्दीच कमी होईल.

मुरमाड रानाचं दुखणं वेगळं. तिथे पाणी साचत नाही, खाली निघून जातं, आणि जाताना नायट्रेट सोबत घेऊन जातं. अशा रानात एका दमात दोन गोण्या युरिया दिला आणि मागून मोठा पाऊस झाला तर आठवड्यात मुळांच्या खाली बरंच नत्र गेलेलं असतं. हलक्या जमिनीत नत्र थोडं थोडं, जास्त हप्त्यांत द्यायचं. भारी जमिनीला तीन हप्ते पुरतात, हलकीला चार करा : पेरणीला, मग विसाव्या, पस्तिसाव्या आणि तुरा यायच्या आधी पन्नासाव्या दिवसाच्या आसपास. एकूण वजन तेच ठेवा. हलकी जमीन आहे म्हणून वजन वाढवून उपयोग नाही, ते वाहूनच जाणार आहे.

तिसरी जमीन चुनखडीची. आणि आमच्या मते मक्याचं खरं नुकसान इथे होतं, कारण ते डोळ्यांना उशिरा दिसतं. मातीत पांढरे खडे दिसतात, सामू (पीएच) ८ च्या वर असतो. अशा जमिनीत जस्त असूनही मुळाला मिळत नाही. सामू जसा वर जातो तसं त्याचं विरघळणं झपाट्यानं कमी होतं, आणि चुन्याच्या कणांवरही ते धरलं जातं. जस्ताची कमतरता पटकन दाखवणाऱ्या पिकांत मका पुढे आहे. त्यात आपल्याकडे मका आणि कांदा अशी फेरपालट असलेल्या रानात वर्षानुवर्षं डीएपी आणि १०:२६:२६ पडत आलंय. स्फुरद साठला की जस्ताचं शोषण आणखी अडतं. म्हणून "दरवर्षी एवढं खत टाकतो, तरी मका बुटका राहतो" अशी तक्रार ज्या रानाची असते तिथे आणखी स्फुरद देणं म्हणजे त्या दुखण्यात भर घालणं आहे.

यावरचा उपाय स्वस्त आहे. माती परीक्षणात उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी आलं असेल तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट, पेरणीच्या सुमारास, जमिनीतून. ते शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळून आठवडाभर झाकून ठेवलं आणि मग दिलं तर चुनखडीच्या रानात जास्त टिकतं. एकदा दिलं की साधारण दोन वर्षं त्याचा परिणाम राहतो, दर हंगामात द्यायची गरज नाही. इथे तीन गोष्टी तुमच्याच हातात आहेत. एक म्हणजे, झिंक सल्फेट दोन प्रकारचं येतं. साध्या, मोठ्या स्फटिकाच्या हेप्टाहायड्रेटमध्ये २१ टक्के जस्त असतं आणि मोनोहायड्रेटमध्ये ३३ टक्के. शिफारशीतले ८ ते १० किलो २१ टक्केवाल्याचे आहेत. ३३ टक्केवालं देत असाल तर ५ ते ६ किलो पुरे. पिशवीवरचा आकडा वाचून वजन सांगा. दुसरं, झिंक सल्फेट आणि डीएपी एकाच बादलीत कालवू देऊ नका. जस्त आणि स्फुरद एकत्र आले की न विरघळणारं झिंक फॉस्फेट तयार होतं आणि दोन्ही वाया जातात. शेतकरी हे हमखास करतो, कारण दोन्ही पेरणीच्या सुमारासच द्यायची असतात आणि फेरी वाचते. त्याला सांगा, झिंक शेणखताबरोबर पेरणीआधीच्या कुळवाच्या पाळीला, डीएपी पेरणीला.

तिसरी गोष्ट फवारणीची. उभ्या पिकात पांढरे पट्टे दिसलेच तर ०.५ टक्का झिंक सल्फेट फवारायचं, पण त्याबरोबर निम्मा चुना लागतो. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि ३५ ते ४० ग्रॅम चुना. चुना आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची. चुना न घालता फवारलं तर द्रावण आम्लधर्मी राहतं आणि पान भाजतं. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी लागते. चुन्याची खटपट नको असेल तर चिलेटेड झिंक आहे, १२ टक्क्यांचं, एका लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. ते महाग पडतं, पण फवारणीला सोयीचं आहे. लष्करी अळीच्या औषधात झिंक सल्फेट आणि चुना मिसळून एका फवारणीत काम उरकायचा सल्ला मात्र कुणाला देऊ नका. चुन्यामुळे द्रावणाचा सामू बदलतो आणि बऱ्याच कीटकनाशकांना ते मानवत नाही.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर १९:१९:१९ चं गणित मांडू. एक किलोच्या पुडीत १९० ग्रॅम नत्र असतं. एकरभर मक्याची नत्राची शिफारस ४८ किलो आहे. २ टक्के युरियाची फवारणी धरली तरी २०० लिटर पाण्यात ४ किलो युरिया, म्हणजे दोन किलोच्याही आत नत्र. पाणी साचून मुळं थकलेली असताना चार-सहा दिवस झाडाला तगवायला ही फवारणी उपयोगी आहे. जमिनीतून द्यायच्या हप्त्याची जागा ती घेऊ शकत नाही. पुडी देऊन तुम्ही हप्ता चुकवायला लावत असाल तर त्या शेतकऱ्याचं कणीस लहान राहणार.

आता एकरी वजनाचा हिशोब. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची खरीप मक्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. एकराला ते ४८, २४ आणि १६ किलो होतं. डीएपीची ५० किलोची एक गोणी घेतली तर त्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र येतं. उरलेल्या ३९ किलो नत्रासाठी ८५ किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांना थोडा कमी. पालाशासाठी २७ किलो एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश). या ८५ किलो युरियाची वाटणी अशी : पेरणीला १५ किलो, तिसाव्या दिवसाला ३५ आणि चाळीस ते पंचेचाळीस दिवसांच्या दरम्यान ३५. हे तिन्ही आकडे बिलाच्या मागे लिहून देता येतात.

डीएपी मिळत नसेल तेव्हा (आणि पेरणीच्या आठवड्यात ती बऱ्याचदा मिळत नाही) रांगेत उभं राहून पेरणीचा वाफसा घालवायचं कारण नाही. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या म्हणजे १५० किलो, त्यातून पुरा २४ किलो स्फुरद मिळतो आणि वर सोळा-सतरा किलो गंधक व भरपूर कॅल्शियम येतं. मग युरिया १०५ किलो लागतो. वाहतूक जास्त, पण गंधकाची कमतरता असलेल्या रानाला हे डीएपीपेक्षा सरस आहे. १०:२६:२६ च्या दोन गोण्यांत स्फुरद आणि पालाश प्रत्येकी २६ किलो आणि नत्र १० किलो येतं. हलक्या रानाला हे बसतं. युरिया गोल्ड (गंधक मिसळलेला युरिया) देत असाल तर एक लक्षात ठेवा. तिची गोणी ४० किलोची आणि नत्र ३७ टक्के, म्हणजे गोणीत १४.८ किलो. साध्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो असतं. गोणीला गोणी असा बदल केला तर प्रत्येक गोणीमागे जवळजवळ ६ किलो नत्र कमी पडतं.

इथेच अलीकडची एक अडचण सांगायला हवी. इथेनॉलसाठी मागणी वाढल्यापासून सोयाबीन आणि कापसाच्या बऱ्याच रानांत मका आलाय. नवखा मका शेतकरी सोयाबीनच्या सवयीनं वागतो : पेरणीला एक गोणी खत, बस्स. सोयाबीन स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवतं, म्हणून त्याचं भागतं. मक्याला ती सोय नाही. बियाणं नेतानाच त्याला दोन हप्त्यांच्या तारखा सांगितल्या नाहीत तर तो पंचेचाळीस दिवसांनी खालची पानं वाळलेली घेऊन तुमच्याकडे येईल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल. उशीर का, तर सात-आठ पानांच्या सुमारास कणसावर दाण्यांच्या किती ओळी असणार हे ठरून जातं आणि तुरा यायच्या आधीच्या दोन आठवड्यांत ओळीत किती दाणे असणार ते ठरतं. पहिल्या पंचवीस दिवसांत मका एकूण नत्राच्या दहाव्या भागाएवढंच उचलतो. गुडघ्याएवढा झाला की मात्र भूक एकदम वाढते आणि तुऱ्यापर्यंत टिकते. म्हणून पंधराव्या दिवशी दोन्ही गोण्या मोकळ्या करणारा शेतकरीही चुकतो आणि तुरा पडल्यावर युरिया मागायला येणाराही चुकतो. तुरा पडल्यावर येणाऱ्याला मक्यासाठी गोणी देऊ नका, पुढच्या पिकाला ने म्हणा.

आता खत टाकण्याची जागा. दाणेदार खत आणि बी एकमेकांना चिकटता कामा नयेत. डीएपी किंवा युरिया बियाण्याला लागून पडला की तिथे मिठासारखा ताण येतो, शिवाय अमोनिया सुटतो आणि कोवळं मूळ जळतं. चुनखडीच्या रानात डीएपीतूनही अमोनिया जास्त सुटतो. उगवण विरळ झाली की दोष बियाण्यावर येतो, कंपनीकडे तक्रार जाते, पंचनामा होतो. उकरून बघितलं तर खताचा दाणा आणि कुजलेलं बी शेजारी शेजारी सापडतं. बियाण्यापासून दोन बोटं बाजूला आणि दोन बोटं खाली, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर, ही खताची जागा. दोन चाड्यांची पाभर किंवा खत-बी पेरणी यंत्र हे काम नीट करतं, पण त्याच्या नळ्या तपासून घ्यायला सांगा. दमट डीएपी नळीत अडकतं आणि चार ओळी खताविना जातात. टोकण करणाऱ्यानं आधी सरीत खत टाकून मातीआड करावं आणि वरंब्याच्या बगलेला बी टोकावं.

वरखताचा युरिया हातानं फेकायचा प्रघात आहे. मका गुडघ्याएवढा असताना त्याचा पोगा नरसाळ्यासारखा उघडा असतो. फेकलेले दाणे त्यात पडतात, पहाटेच्या दवात विरघळतात आणि कोवळ्या पानाला आत गुंडाळलेलं असतानाच भाजतात. आठवड्यानं ते पान उलगडतं तेव्हा त्यावर आडव्या पट्ट्यात पांढरे वाळलेले डाग दिसतात. शेतकरी घाबरून औषध मागायला येतो. करपा किंवा अळी समजून त्याला फवारणी दिली जाते. हे ओळखणं सोपं आहे : डाग एकाच उंचीवरच्या पानांवर असतात, विष्ठा नसते, पान कुरतडलेलं नसतं आणि नंतर आलेलं पान स्वच्छ असतं. काहीच द्यायचं नाही. पुढच्या वेळी दव उतरल्यावर, दुपारी, ओळीच्या बाजूनं चार-पाच बोटं अंतर ठेवून खाली टाक आणि लगेच कोळपं घालून मातीची भर दे, एवढंच सांगायचं.

मातीआड करण्याचा आग्रह धरा. ओल्या, उबदार, चुनखडीच्या मातीवर युरिया उघडा पडला की दोन-तीन दिवसांत मातीतलं युरिएज विकर त्याचं अमोनियात रूपांतर करतं. दाण्याभोवतीचा सामू एकदम चढतो आणि अमोनिया हवेत जातो. चांगला पाऊस किंवा पाण्याची पाळी लगेच मिळाली तर तो मातीत उतरतो. नुसती रिमझिम झाली तर सगळ्यात वाईट, कारण दाणा विरघळतो आणि खाली मात्र जात नाही. ठिबक असेल तर प्रश्नच मिटतो, युरिया पाण्यातून आठवड्याच्या हप्त्यानं द्यावा.

पालाशाबद्दल तुमचा एक समज बदलायला हवा. "काळ्या जमिनीत पालाश भरपूर असतो, मक्याला नको" हे दाण्यासाठी घेतलेल्या मक्यापुरतं बऱ्याच भारी रानांत खरं आहे. दाण्यातून पालाश कमीच जातो. एकरी २५ क्विंटल दाणा नेला तरी साधारण १० ते १२ किलो, बाकीचा ताटांत राहतो. पण मुरघासासाठी (जनावरांसाठी आंबवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी) मका कापला की ताट, पान, कणीस सगळंच रानाबाहेर जातं. १५ टन हिरव्या मक्यातून अंदाजे ५० ते ६० किलो पालाश निघून जातो. शिफारस १६ किलोची आहे. वर्षातून दोनदा मुरघासाचा मका घेणाऱ्या रानात तीन-चार वर्षांत काय होतं, ते खालच्या पानांच्या करपलेल्या कडा आणि वाऱ्यानं लोळणारी ताटं सांगतात. मुरघासाचा मका घेणारा गिऱ्हाईक दुकानात आला की हा हिशोब त्याच्यापुढे मांडा. त्याच्या गोठ्यातलं शेण आणि मूत्र त्याच रानात परत गेलं तर निम्मं काम होतं. मुरघास विकणाऱ्याला मात्र एमओपी वाढवावाच लागेल. आणि ज्यानं मक्याची ताटं कुट्टी करून रानातच गाडलीत त्याला पुढच्या पिकाच्या पेरणीला एकरी १० ते १५ किलो युरिया जास्त द्यायला सांगा. ताटं कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात.

चोपण आणि क्षारपड रानाबद्दल थोडक्यात. सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या कालव्याखालच्या पट्ट्यात हा प्रश्न आहे. मका क्षार फारसे सोसत नाही. क्षारांचं रान असेल तर निचरा हाच उपाय, तिथे जिप्सम देऊन पैसे घालवू नका. जिप्सम लागतो चोपणाला, जिथे सोडियम चढलाय, माती पावसात चिकट आणि उन्हात दगड होते. तोही माती परीक्षणातल्या जिप्सम गरजेच्या आकड्यावरच द्यावा.

हे सगळं माती परीक्षणाशिवाय अंदाजच आहे. मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन असे बारा घटक असतात. पत्रिका बऱ्याच जणांकडे आहे. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घेतला गेला. दहा हेक्टरांत आपल्याकडे माथ्याचा मुरूमही येतो आणि नाल्याकाठची काळीही. त्यामुळे गिऱ्हाइकानं पत्रिका आणली तर आधी विचारा, हा नमुना तुझ्याच रानातला होता का? नसेल तर नवा काढायला लावा.

नमुना कसा काढायचा हे तुम्ही काउंटरवर सांगू शकता. पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी. माथा आणि खोलगट भाग वेगळे धरायचे. प्रत्येकात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची माती खरवडायची. बांध, झाडाखाली, विहिरीजवळ आणि उकिरड्याची जागा सोडायची. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. आणि हे प्लास्टिकच्या घमेल्यात. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या बादलीत माती कालवली तर त्या बादलीचंच जस्त अहवालात उतरतं, आणि ज्या रानाला झिंक हवं होतं त्याला "जस्त पुरेसं" असा शेरा मिळतो. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. खताच्या रिकाम्या पिशवीत भरून कधीच आणायची नाही.

अहवालात एखादा घटक कमी आला तर शिफारशीपेक्षा २५ टक्के जास्त, भरपूर आला तर २५ टक्के कमी, हा साधा नियम तुम्हालाही वापरता येतो. कांद्याच्या रानात स्फुरद "भरपूर" आला असेल तर डीएपीच्या गोणीऐवजी ३५ ते ४० किलोच द्या. तुमच्यापैकी अनेकांनी हैदराबादच्या मॅनेज संस्थेनं सुरू केलेली "देशी" ही एका वर्षाची पदविका केली आहे. तिथे शिकलेलं हेच आहे. ते जुलैच्या गर्दीत काउंटरवर आणायचं आहे.

तुमच्या अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. युरियाची गाडी येते तेव्हा तिच्याबरोबर न मागितलेला माल उचलावा लागतो, आणि तो माल शेवटी शेतकऱ्याच्याच गळ्यात पडतो. उधारीवर गेलेल्या गोणीचे पैसे मका विकल्यावर येतात. सल्ल्याचे पैसे कुणीच देत नाही. तरीही न मागितलेला माल कुठे मुरवायचा, हे ठरवताना मक्याच्या पिवळ्या पानाचा आधार घेऊ नका. त्या शेतकऱ्याला त्या क्षणी तुमच्याशिवाय दुसरा कुणी विचारायला नसतो.

येत्या हंगामासाठी आमच्या मागण्या मोजक्या आहेत. मे महिन्यातच झिंक सल्फेट आणि सिंगल सुपर फॉस्फेट मागवून ठेवा, जूनमध्ये मागितलं की मिळत नाही. मक्याच्या बियाण्याच्या प्रत्येक बिलामागे पेरणीची तारीख लिहून घ्या आणि तिच्यापुढे तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवसाची तारीख व "३५ किलो युरिया, मातीआड" असं लिहून द्या. वरखताच्या दोन्ही गोण्या पेरणीलाच घरी नेऊ देऊ नका. घरात असलं की ते विसाव्या दिवशीच रानात पडतं. तुटवड्याच्या भीतीनं शेतकरी आधी नेऊ पाहील, तेव्हा त्याच्या नावची गोणी तुम्ही ठेवाल असा शब्द त्याला द्या आणि तो पाळा. आणि काउंटरच्या भिंतीवर मक्याच्या दोन पानांचं चित्र लावा, एक खालचं, एक पोग्याजवळचं. तुमच्या भागातला सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) किंवा कृषी विज्ञान केंद्र ते तपासून देईल.

आपले,
मृदा आणि पीकपोषण या विषयात काम करणारे काही जण